शनिवारची टाकी आणि गावाची फेरी

पत्राचा सारांश : कोल्हापूरजवळच्या कळंब्यात राहणाऱ्या ४४ वर्षांच्या एका वाचकांनी लिहिले आहे. ते कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतात, पत्नी शहरातील शाळेत शिक्षिका आहेत, मुलगी महाविद्यालयात आणि मुलगा सातवीत आहे. घरात दिवाळी २०२० मध्ये घेतलेली एक पेट्रोल चारचाकी आणि दोन मोपेड आहेत. चारचाकी घेतली तेव्हा महिन्याचे पेट्रोल ५,००० रुपयांत भागत असे. आता लिटरला १०५ रुपयांच्या आसपास दर असताना साडेअकरा हजार लागतात. गारगोटीजवळच्या गावी त्यांचे ७६ वर्षांचे वडील एकटेच राहतात आणि दर रविवारी सारे कुटुंब गाडीने तिकडे जाऊन येते. "शनिवारी संध्याकाळी टाकी भरताना दोन हजार तीनशे रुपये मोजतो आणि सोमवारी काटा पुन्हा खाली आलेला असतो," असे ते लिहितात. गावाच्या फेऱ्या महिन्यातून एकीवर आणाव्यात, मुलीची मोपेड बंद करावी आणि शक्य झाल्यास गाडी बदलून सीएनजी किंवा इलेक्ट्रिक घ्यावी, असा त्यांचा विचार आहे. पत्नीचा पहिल्याच गोष्टीला ठाम विरोध आहे आणि "ती हिशेबात भावना आणते" अशी त्यांची तक्रार आहे.

स. न.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण तुम्ही बहुतेक आकडे मोकळेपणाने दिले आहेत आणि अशी पत्रे फार कमी येतात. त्या आकड्यांवरून मला जे दिसले ते तुमच्या निष्कर्षाच्या बरेच उलटे आहे. तुमची चूक काढावी असा हेतू नाही. पण ज्या खर्चावरून घरात दोन महिने अबोला आहे, तो खर्च तुम्ही समजता त्या ठिकाणी होत नसेल, तर ते आधी सांगणे मला भाग आहे.

सुरुवात दरापासून करू. २०२० च्या दिवाळीत आपल्याकडे पेट्रोल लिटरला ८८ रुपयांच्या आसपास होते. २०२१ च्या मध्यावर त्याने शंभरी ओलांडली आणि एप्रिल २०२२ मध्ये ते एकशेवीसच्या घरात पोहोचले. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्कात ५ रुपयांची कपात केली होती. मे २०२२ मध्ये आणखी ८ रुपये कमी झाले, जुलैमध्ये राज्याने मूल्यवर्धित करात ५ रुपयांची सूट दिली आणि मार्च २०२४ मध्ये आणखी २ रुपये उतरले. म्हणजे तुम्ही गाडी घेतल्यापासून आजवरची निव्वळ वाढ लिटरमागे सुमारे १७ रुपये, शेकडा १९ च्या आसपास भरते. ही वाढ लहान नाही आणि पगारदार माणसाला ती जाणवतेच. परंतु तुमचा खर्च शेकडा १९ ने वाढलेला नाही, तो दुपटीहून अधिक झालेला आहे. त्या वेळचे ५,००० रुपये म्हणजे ५७ लिटर होत. आजचे साडेअकरा हजार म्हणजे जवळजवळ १०९ लिटर. जुनेच ५७ लिटर तुम्ही आजच्या दराने घेतले असते, तर महिन्याला सहा हजारांच्या आत भागले असते. वाढलेल्या सहा-साडेसहा हजारांपैकी हजारभर रुपये दराने नेले आणि उरलेले साडेपाच हजार त्या जादा बावन्न लिटरनी नेले. तेव्हा प्रश्न असा आहे की हे बावन्न लिटर जातात कुठे.

याचे उत्तर तुमच्याच पत्रात, तिसऱ्या पानावर, एका वाक्याच्या शेपटाला आहे. तुम्ही लिहिता की पूर्वी कंपनीच्या बसने जात होतो, "पण पदोन्नतीनंतर बसने जाणे प्रशस्त वाटेना म्हणून गाडीने जाऊ लागलो." कळंब्याहून कागलची वसाहत जाऊन-येऊन ४० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस, म्हणजे हजार किलोमीटर. तुमची गाडी लिटरला १६ किलोमीटर देते, त्यामुळे आजच्या दराने किलोमीटरमागे साधारण साडेसहा रुपये पडतात. या हिशेबाने नोकरीच्या ये-जा करण्याचे महिन्याला ६,५६० रुपये होतात. गावाच्या चार फेऱ्यांचे ४०० किलोमीटर धरले तर २,६२५ रुपये. मुलाची शिकवणी, मंडई, लग्नकार्ये असे शहरातले दीडशे किलोमीटर हजाराच्या आत बसतात आणि दोन्ही मोपेड मिळून साडेबाराशे. बेरीज करून पाहा, ती तुमच्या साडेअकरा हजारांच्या अगदी जवळ येते.

म्हणजे गावाची एक फेरी साडेसहाशे रुपयांची आहे, तेवीसशेची नव्हे. तेवीसशेचा समज कसा झाला, याचाही मी थोडा विचार केला. तुम्ही टाकी शनिवारी संध्याकाळी भरता. गाडीत बायको-मुले, मागे वडिलांसाठी घेतलेली औषधे आणि फळे, पुढे पंपावरच्या मीटरवर धावणारे आकडे, असे ते दृश्य असते. त्या क्षणी मनात गाव असते, म्हणून सगळे पेट्रोल गावाच्या नावावर चढते. वास्तविक त्या बावीस लिटरपैकी सहा-सव्वासहा लिटर गावाच्या, म्हणजे मुदाल तिट्ट्याच्या वाटेवर जळतात. बाकीचे बहुतेक मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी तुम्ही एकटे राष्ट्रीय महामार्गावरून जाता-येता तेव्हा जळतात. गाडीत चौघे असताना गावाच्या फेरीचा माणशी खर्च १६५ रुपयांच्या आत येतो. कारखान्याच्या फेरीचा खर्च दिवसाला २६२ रुपये आणि माणूस एक. घरातली चारचाकी सर्वांत सार्थकी लागत असेल, तर ती रविवारीच लागते. तुमच्या पत्नी हिशेबात भावना आणत असतील किंवा नसतील. त्यांचे उत्तर मात्र हिशेबानेच बरोबर येते, हे त्यांना सांगण्याचे काम आता तुमच्याकडे आहे.

इथे एक शंका तुम्ही घ्याल, आणि ती योग्य आहे, की इथेनॉलमुळे गाडीचा ॲव्हरेज पडला त्याचे काय. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. तुमची गाडी आली तेव्हा पेट्रोलमध्ये याहून कमी इथेनॉल असे. त्यामुळे शेकडा चार-पाचचा फरक पडला असेल तर आश्चर्य नाही आणि महिन्याच्या १०९ लिटरमध्ये तो चार-पाच लिटरचा होतो. तेवढा दोष इथेनॉलला जरूर द्या. (तुमच्या वडिलांचा ऊस साखर कारखान्याला जातो, असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा त्या दोषातले काही पैसे ऊस बिलाच्या वाटेने घरीच परत येत असावेत, एवढे समाधान मानायला हरकत नाही.) बाकीच्या लिटरांचा मात्र इथेनॉलशी संबंध नाही.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे वळतो. मुलीची मोपेड बंद करण्याचा विचार कृपया सोडून द्या. तिच्या वाट्याला महिन्याचे फार तर पाच-सहाशे रुपये येतात. तेवढ्यासाठी तिला रोज केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या वेळापत्रकावर किंवा कोणीतरी सोडण्या-आणण्यावर अवलंबून राहावे लागेल, आणि तुम्ही तिला गाडीने सोडायला लागलात तर वाचवलेले पैसे चार दिवसांत परत जातील.

गाडी बदलण्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण असा विचार करणारे पुष्कळ वाचक आहेत. जुनी गाडी देऊन नवी घेताना वर पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले आणि व्याज दहा टक्के धरले, तर हप्ता महिन्याला १०,६०० रुपयांच्या पुढे जातो. तुमचे सगळे पेट्रोल उद्यापासून फुकट झाले तरी हा हप्ता जेमतेम भागेल. सध्याच्याच गाडीला सीएनजी किट बसवणे त्या मानाने स्वस्त पडते. किटचा खर्च साठ हजार आणि किलोमीटरमागे अडीच रुपयांची बचत धरली, तर तुमच्या सध्याच्या धावेवर पंधरा-सोळा महिन्यांत पैसे वसूल होतात. पण यात अट अशी की धाव सध्याइतकीच राहिली पाहिजे. कारखान्याच्या फेऱ्या कमी केल्या की तीच वसुली दोन-अडीच वर्षांवर जाते. म्हणून आधी फेऱ्यांचा निकाल लावा, तीन महिने जाऊ द्या आणि मगच इंधन बदलण्याचे गणित मांडा. तरीही किट बसवायचेच ठरले, तर त्याची नोंद आरटीओकडे गाडीच्या नोंदणी पुस्तकात करून घ्यावी लागते, विमा कंपनीला कळवावे लागते आणि सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. डिकीतली जागा जाते ती वेगळीच, आणि गावाहून येताना तांदळाचे पोते कुठे ठेवायचे हा प्रश्न तुमच्या घरी मोठा ठरेल. इलेक्ट्रिक मोपेडचे मात्र मी मनापासून सुचवेन, पण आत्ता नव्हे. दोन मोपेडपैकी जी जुनी आहे ती बदलण्याची वेळ आली की. शंभर किलोमीटरला तीन युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे बारा रुपये युनिट धरले तरी छत्तीस रुपये. तेच शंभर किलोमीटर पेट्रोलच्या मोपेडवर अडीचशे रुपयांना पडतात.

कागलच्या पुढे कर्नाटकच्या हद्दीत, कोगनोळीच्या बाजूला पेट्रोल स्वस्त मिळते म्हणून सहकारी तिकडे जाऊन टाकी भरतात, आपणही भरावी का, असे तुम्ही विचारले आहे. पेट्रोल आणि डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्यामुळे प्रत्येक राज्याचा कर वेगळा आणि म्हणून हद्द ओलांडली की दर बदलतो, हे खरेच. पण लिटरमागे तीन रुपयांचा फरक आणि पस्तीस लिटरची टाकी धरली तर वाचतात १०५ रुपये. कारखान्यातून तिथे जाऊन परत यायला वीस किलोमीटर धरले, तर १३० रुपयांचे पेट्रोल जळते, आणि टोल लागला तर तो वर. निपाणीला काही कामासाठी जाणारच असाल तर येताना जरूर भरा. मुद्दाम जाण्यात मात्र चहा-भज्यांचा आनंद सोडला तर काही नाही.

राहिला मूळ विषय, कारखान्याची ये-जा. पदोन्नतीनंतर कामगारांबरोबर बसमध्ये बसणे अवघडल्यासारखे होते, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले, याबद्दल मला आदर वाटतो. बहुतेक जण अशा वेळी शिफ्टच्या वेळेचे कारण पुढे करतात. त्या अवघडलेपणाची मी थट्टा करणार नाही. मात्र त्याची किंमत महिन्याला साडेसहा हजार रुपये आहे, हे एकदा डोळ्यांसमोर असू द्या आणि मग तुम्हीच ठरवा की त्यातले किती द्यायची तयारी आहे. सगळे किंवा काहीच नाही, असे ठरवण्याची गरज नाही. तुम्ही म्हणता की उशिरापर्यंत थांबावे लागते असे दिवस आठवड्यात दोनच असतात. त्या दोन दिवशी गाडी न्या आणि उरलेल्या चार दिवशी मोपेड उजळाईवाडीला लावून कंपनीची बस धरा. महिन्याला सव्वाचार हजारांच्या आसपास वाचतील. बस अगदीच नको असेल, तर तुमच्याच पदाचे दोन सहकारी कळंबा-फुलेवाडी भागातून स्वतंत्र गाड्यांनी येतात, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. तिघांनी आळीपाळीने एकेक आठवडा आपापली गाडी काढली, तरी बचत तेवढीच होते. यात पेट्रोलचे पैसे मागण्या-देण्याचा प्रसंग येत नाही आणि आपल्याकडे मित्राकडून पेट्रोलचे पैसे घेणे किती जिवावर येते, हे मी कोल्हापूरकराला सांगायला नको. शिवाय पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून परवान्याशिवाय भाडे घेऊन माणसे नेण्याला कायद्याने परवानगी नाही; आठवडे वाटून घेतले की तो प्रश्नच उद्भवत नाही. फक्त निघण्याची वेळ आणि थांबण्याची जागा पहिल्याच दिवशी पक्की करा. अशा जोड्या बहुधा पैशावरून तुटत नाहीत, रोज दहा मिनिटे वाट पाहण्यावरून तुटतात.

मोटारसायकलने जाण्याचा पर्याय कागदावर सर्वांत आकर्षक दिसतो, कारण हजार किलोमीटरला जेमतेम एकोणीसशे रुपये लागतील. तरी तो मी तुम्हाला सुचवणार नाही. महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळवलेली वाहतूक, आषाढातला पाऊस आणि गळीत हंगामात अंधारात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, या सगळ्यांतून वीस किलोमीटर एका बाजूला, रोज, ही माझ्या मते चव्वेचाळिसाव्या वर्षी नव्याने सुरू करण्याची गोष्ट नव्हे. ज्यांना दुसरा मार्गच नाही ते करतातच, आणि त्यांच्याविषयी मला काळजी वाटते.

गावाच्या फेऱ्यांबद्दल आणखी एक. तुमच्या पत्रात वडिलांना ७६ वर्षे झाली असे आहे, म्हणजे ऑगस्ट २०२२ पासूनच्या योजनेनुसार त्यांना एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून तुमच्या पत्नीला व मुलीला निम्मे तिकीट आहे. एखाद्या आठवड्यात तुम्हाला रविवारी कारखान्यात जावे लागले, तर पत्नी आणि मुले एसटीने जाऊ शकतात. वडिलांना चार दिवस कळंब्याला यावेसे वाटले तर तेही येऊ शकतात. परंतु हे त्यांच्या इच्छेने आणि गुडघ्यांच्या संमतीने व्हावे. पेट्रोल वाचावे म्हणून शहात्तरीच्या माणसाला बस बदलायला लावू नका. तो आकडा महिन्याला २,६२५ चा आहे, आणि त्याची वजाबाकी कुठून करायची हे वर आलेच आहे.

शहरातल्या फेऱ्यांबद्दल थोडक्यात लिहितो. मुलाला राजारामपुरीत शिकवणीला सोडणे आणि पुन्हा आणायला जाणे यात एका शिकवणीसाठी गाडी चार वेळा तेच अंतर कापते, आणि थंड इंजिन छोट्या अंतराला नेहमीच जास्त पेट्रोल पिते. दुसऱ्या एखाद्या पालकाबरोबर वार वाटून घ्या. आणि शिकवणी सुटेपर्यंत वातानुकूलन चालू ठेवून गाडीत बसण्याची सवय असेल, तर ती मोडा. चाकांतली हवा दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना पाहा; किती हवी तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर असतो, हवा भरणाऱ्या मुलाच्या अंदाजावर तो सोडू नका. पंपावर माप कमी मिळते अशी शंका आली, तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. भांडण न करता शांतपणे मागितले तर पंपावरची माणसे ते माप बहुधा आणून दाखवतात.

ज्या वाचकांचे आकडे तुमच्यासारखे नाहीत, म्हणजे कोणी जयसिंगपूरहून रोज शिरोलीला येत असेल, कोणाची घरी एकच मोटारसायकल असेल, त्यांनाही पद्धत हीच उपयोगी पडेल. टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना जेवढे लिटर बसले त्याने मधल्या किलोमीटरना भागा. माझ्या गाडीच्या कप्प्यात यासाठी एक चतकोर वही आहे आणि तिला पेन्सिल दोऱ्याने बांधलेली आहे, कारण पेन दर पावसाळ्यात कोणीतरी नेते. त्या वहीत तारीख, किलोमीटर आणि लिटर यांबरोबर चौथा रकाना मी नंतर घातला, "कशासाठी गेलो" हा. पहिल्या तीन रकान्यांतून गाडीची तब्येत कळली. माझ्या घरातले दोन वाद मात्र चौथ्या रकान्यामुळे मिटले, आणि त्यांपैकी एकात चूक माझी निघाली होती.

तुम्ही आजच सगळे बदलू नका. या शनिवारी संध्याकाळी मात्र टाकी भरू नका. काट्यावर गावाला जाऊन येण्याइतके पेट्रोल असले म्हणजे पुरे. रविवारी जाऊन या, आणि सोमवारी सकाळी कारखान्याच्या वाटेवर, गाडीत एकटे असताना, टाकी फुल करा. पावतीच्या मागे त्या दिवसाचे किलोमीटर लिहा आणि ती पावती संध्याकाळी पत्नीच्या हाती द्या.